जुना अँटिव्हायरस काढून नवा टाकला: सेवा केंद्रातल्या तीन मशीनच्या नोंदी

शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

गाव घाटंजी तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. आमच्या सेवा केंद्रात तीन मशीन आहेत. काउंटरवरचा डेस्कटॉप विंडोज १० चा, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. अंगठ्याचं यंत्र यालाच लागतं. मागच्या टेबलावर दुसरा डेस्कटॉप, तोही विंडोज १० चा, पण ८ जीबी आणि एसएसडी. तिसरा लॅपटॉप, विंडोज ११, मागच्या वर्षी घेतलेला.

जुन्या अँटिव्हायरसची मुदत २४ तारखेला संपते. नूतनीकरणाला २,३०० रुपये मागतात, आणि काउंटरची मशीन त्याच्या ओझ्याखाली सकाळी सहा-सात मिनिटं हलत नाही. यवतमाळहून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला: तीन मशीन, एक वर्ष, १,६५० रुपये. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही. पुढे जे बिघडलं ते माझ्या घाईने बिघडलं, कोणत्याही दोन अँटिव्हायरसमध्ये तेच झालं असतं.

भाच्याने विचारलं, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, मग विकतचा कशाला? प्रश्न बरोबर आहे. घरच्या मशीनला मी डिफेंडरच ठेवला आहे. पण केंद्रात दिवसाला वीस-पंचवीस जणांचे पेनड्राइव्ह आणि मोबाइल लागतात, त्यात लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारे आमच्या डिस्कवर असतात. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे फुकटचे अपडेटही बंद होत आहेत आणि काउंटरची मशीन विंडोज ११ घेत नाही. म्हणून खर्च केला.

पीक विम्याची गर्दी ओसरली आहे. पण २ ऑगस्टला पीएम किसानचा विसावा हप्ता पडला आणि ज्यांचे २,००० आले नाहीत ते रोज ई-केवायसीसाठी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायला, येत आहेत. म्हणजे काउंटर बंद पडून चालणार नाही. हे पक्कं माहीत असूनही सुरुवात मी काउंटरच्याच मशीनपासून केली. तीच सगळ्यांत हळू होती, तिचाच राग होता.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी दहाला नव्याची सेटअप फाइल चालवली. जुना तसाच होता. नव्याने विचारलं, या मशीनवर दुसरं संरक्षण आहे, काढू का? मी हो म्हटलं. मला वाटलं, तो स्वतः काढतो म्हणतो तर आपण कशाला मेहनत घ्यायची.

पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे जाऊन थांबली. चाळीस मिनिटं तिथेच. सव्वाअकराला लाइन गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर मागची मशीन आणि राऊटर आहे, काउंटर नाही. मशीन जागेवर बंद.

लाइन आल्यावर चालू केली तर काळा पडदा आणि त्यावर नुसता बाण. अकरा मिनिटांनी डेस्कटॉप दिसला. खाली उजवीकडे दोन्ही अँटिव्हायरसची चिन्हं. टास्क मॅनेजर उघडायला तीन मिनिटं, त्यात डिस्क शंभर टक्के. पीडीएफवर क्लिक केलं की मशीन गप्प.

भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही चालू रायले त जास्त सेफ नाही का?" बाकावर शेजारचे आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "एका वावरात दोन जागले ठिवले, अन् ते एकमेकांलेच चोर समजून रायले." आतमध्ये खरंच तसंच चाललेलं असतं. प्रत्येक अँटिव्हायरस फाइल उघडण्याच्या वाटेवर आपला एक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवतो. एकाने फाइल तपासायला उघडली की दुसऱ्याला ते उघडणं दिसतं, तोही तपासायला धावतो.

दिवस गेला. हाती काही नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

कंट्रोल पॅनलमधून जुना काढायला गेलो. यादीत नाव आहे, पण अनइन्स्टॉल दाबलं की फाइल सापडत नाही म्हणतो. काल अर्धवट काढताना त्याची स्वतःची काढणारी फाइलच गेली असावी. नव्याचा अनइन्स्टॉल चालला, तो काढला. निदान एकजण कमी झाला.

मग मदतीचा नंबर गूगलवर शोधला आणि पहिला दिसला त्यावर फोन केला. समोरचा फार गोड बोलला. दोन मिनिटांत म्हणाला, स्क्रीन दाखवणारं अॅप टाका, मी इथून काढून देतो, १,९९९ पडतील. मी फोन ठेवला. नंतर डब्यावरचा नंबर पाहिला तर तो वेगळाच होता. ज्या मशीनवर गावाचे आधार क्रमांक आहेत तिचा पडदा अनोळखी माणसाला दाखवणं किती जवळ येऊन टळलं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. नंबर डब्यावरचाच घ्यावा, किंवा कंपनीच्या साइटवरचा.

दिवसभर ई-केवायसी बंद. अकरा जण परत गेले. दोघे तर पाच किलोमीटरवरून आले होते.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टी चालू ठेवून उघडलेलं विंडोज. विंडोज १० मध्ये एफ८ दाबून तो येत नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि ४ आकडा.

सेफ मोडमध्ये कंट्रोल पॅनलमधून परत प्रयत्न केला. आता उत्तर वेगळं: विंडोज इन्स्टॉलर सेवा मिळत नाही. मला वाटलं विंडोजच बिघडलं. तसं नव्हतं. सेफ मोडमध्ये ती सेवा मुळात चालूच नसते, त्यामुळे बरेच प्रोग्रॅम तिथून नेहमीच्या वाटेने निघत नाहीत.

इथे या कामातली सगळ्यांत मोठी चूक केली. प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन जुन्याचा फोल्डर उचलून डिलीट केला. एरवी तो हात लावू देत नाही, परवानगी नाही म्हणतो, कारण स्वतःला वाचवणारा त्याचा पहारा चालू असतो. सेफ मोडमध्ये पहारा झोपलेला. फोल्डर एका झटक्यात गेला आणि मला वाटलं जिंकलो.

मशीन साध्या मोडमध्ये आणली. वेगाने उघडली. पण इंटरनेट नाही. वायफाय जोडलेला दिसतो, राऊटरचे दिवे हिरवे, बाकी दोन मशीनवर नेट आहे, इथे एक पान उघडत नाही. राऊटर चार वेळा बंद-चालू केला. नेटवाल्याला बोलावलं, तो बिचारा दुपारी उन्हात आला, त्याच्याकडे काही दोष नव्हता. त्याला चहा पाजला आणि माफी मागितली.

बुधवार, २० ऑगस्ट

नेट का गेलं ते सापडलं. अँटिव्हायरस फक्त फाइलींच्या वाटेवर बसत नाही, नेटवर्कच्याही वाटेवर बसतो. मी फोल्डर उडवला, पण नेटवर्क कार्डाला चिकटलेली त्याची गाळणी तिथेच राहिली. येणारं-जाणारं सगळं ती पुढे ज्याच्याकडे द्यायची तो प्रोग्रॅमच आता नाही.

कंट्रोल पॅनलच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत जुन्याच्या नावाची एक ओळ टिक केलेली होती. टिक काढली, लागू केलं, नेट आलं. मागे काही उरू नये म्हणून सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेटही केला. त्यात वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा. प्रिंटर वायफायवर असेल तर तोही पुन्हा जोडावा लागतो. माझा लागला, पाऊण तास गेला.

मग जुन्याच्या कंपनीच्या साइटवरून त्यांचं खास काढण्याचं टूल उतरवलं. जवळजवळ प्रत्येक कंपनीचं असं टूल असतं आणि ते फुकट असतं. नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट, सगळ्यांची वेगवेगळी आहेत. एकाचं टूल दुसऱ्याला चालत नाही. हे शनिवारीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायला हवं होतं. तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं, दहा मिनिटांत झालं असतं.

टूल चालवलं. सांगितलं, मशीन रीस्टार्ट करा, उरलेलं तेव्हा निघेल. तेवढ्यात लाइन जायची वेळ झाली म्हणून शटडाउन केलं आणि तासाने चालू केलं. टूल पुन्हा तेच म्हणतं, रीस्टार्ट करा. परत शटडाउन, परत चालू. परत तेच. असं तीनदा.

रात्री जेवताना डोक्यात आलं. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून सोय आहे. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. ड्रायव्हर तसेच राहतात. पुढच्या सुरुवातीला पुसायच्या म्हणून नोंदवलेल्या फाइली पुसल्याच जात नाहीत. खरी नवी सुरुवात फक्त रीस्टार्टनेच होते. आपल्याकडे लाइनच्या वेळा पाहून शटडाउन करायची सवय सगळ्यांना आहे, म्हणून हे ठळकपणे लिहितो: रीस्टार्ट म्हटलं की रीस्टार्टच करा.

गुरुवार, २१ ऑगस्ट

केंद्र बंद ठेवलं. दारावर कागद लावला: मशीन दुरुस्ती, सोमवारी या. आधीच लावायला हवा होता, लोकांच्या चकरा वाचल्या असत्या.

रीस्टार्ट केलं. टूल पुढे सरकलं, पण मधेच चूक दाखवून थांबलं. मी फोल्डर उडवल्यामुळे त्याला हवी असलेली माहिती जागेवर नव्हती. यवतमाळच्या दुकानदार भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "जो काढाचा आहे तोच परत टाका. तीच आवृत्ती. मग सरळ मार्गाने काढा."

जुन्याचा पूर्ण इन्स्टॉलर सहाशे एमबीच्या आसपास. गावातल्या नेटवर दोन तास दहा मिनिटं लागली, मधे एकदा तुटला. टाकला, रीस्टार्ट. कंट्रोल पॅनलमधून काढला, रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये जाऊन कंपनीचं टूल चालवलं, रीस्टार्ट. दुपारी साडेतीनला पहिल्यांदा सगळं सरळ झालं.

खरंच गेला का, हे तीन ठिकाणी पाहिलं. एक, विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स. तिथे जुन्याचं नाव उरलं असेल तर विंडोजला वाटतं रखवालदार आहे, आणि डिफेंडर उठत नाही. म्हणजे मशीन उघडी आणि आपल्याला पत्ता नाही. माझ्याकडे नाव गेलेलं होतं आणि डिफेंडर आपोआप चालू झालेला दिसला. जुना काढला आणि नवा अजून टाकला नाही, या मधल्या वेळेची मला भीती होती. ती उगाच होती, तेवढा वेळ डिफेंडर सांभाळतो.

दोन, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएलटीएमसी (fltmc) ही पाच अक्षरांची आज्ञा दिली. फाइलींच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते, प्रत्येकापुढे उंचीचा आकडा, म्हणजे त्या वाटेवर कोण वर, कोण खाली बसला आहे ते. अँटिव्हायरसवाले ३,२०,००० ते ३,२९,९९९ या पट्ट्यात असतात. तिथे ३,२८,०१० वर डब्ल्यूडीफिल्टर (WdFilter) दिसेल, तो डिफेंडरचा आहे, त्याला हात लावू नका. दुसरं अनोळखी नाव त्या पट्ट्यात नको.

तीन, क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम. जुन्याचं एक तिथे तसंच बसलं होतं. काढलं.

मग नवा टाकला. बावीस मिनिटं. सकाळी मशीन उघडायला आता दोन-अडीच मिनिटं लागतात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा

बैल सजवून झाले, तोरणाला वेळ होता. सकाळी मागची मशीन काढली, या वेळी क्रमाने. आधी लोकांच्या स्कॅनचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. मग सिस्टिम रिस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येतं. ही सोय आमच्या दोन्ही डेस्कटॉपवर बंदच होती, चालू करावी लागली. जुन्याच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवण्याच्या जागेत, पाहिलं तर आमच्या स्कॅनरची एक फाइल त्याने चुकून अडकवून ठेवली होती. ती आधी परत मिळवली. अँटिव्हायरस काढला की क्वारंटाइनमधलं सगळं त्याच्यासोबत जातं. जुन्यात ज्यांना सूट दिली होती, म्हणजे अडवू नको असं सांगितलं होतं, त्या प्रोग्रॅमची नावं कागदावर घेतली.

कंट्रोल पॅनलमधून काढा, रीस्टार्ट, टूल, रीस्टार्ट, तपासा, नवा टाका. पंचावन्न मिनिटं. पोळा फुटायच्या आत घरी.

रविवार, २४ ऑगस्ट

लॅपटॉप. इथे वेगळी गोष्ट निघाली. विकत घेतानाच त्यात एका तिसऱ्याच कंपनीचा चाचणीचा अँटिव्हायरस आलेला, मुदत केव्हाच संपलेली, आणि मी त्याच्यावरच आमचा जुना टाकलेला होता. दोघांची दोन टूल चालवावी लागली. सव्वा तास. नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी हे पाहून घ्या.

सोमवार, २५ ऑगस्ट

केंद्र उघडलं. पहिल्याच नंबराला खालच्या वेटाळातल्या मावशी. पीएम किसानचे दोन हप्ते अडकलेले. निंदण सोडून आल्या होत्या, म्हणजे त्या दिवसाचे तीनशे रुपये गेले. अंगठा ठेवला, पडद्यावर आलं, बोटांचा ठसा मिळाला नाही. परत. परत. निंदणाच्या दिवसांत हे नेहमीचं आहे, खुरपं धरून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात. मी त्यांना हात धुऊन यायला सांगितलं. मग खोबरेल लावायला सांगितलं. मग दुसरं बोट, मग तिसरं.

त्या म्हणाल्या, "काऊन रे बापू, माह्या अंगठ्याले काय झालं? मागच्या साली त घेतला होता."

मी म्हटलं, रेषा झिजल्या मावशी, चार दिवस हाताला आराम द्या, मग या. त्या गेल्या. त्यांच्यामागून तिघांचं तसंच झालं. चौथ्याच्या वेळी भाचा लोकांच्या बाजूने उभा होता, म्हणाला, "मामा, याचा लाइटच लागून नाही रायला."

यंत्राचं तोंड लोकांकडे असतं, माझ्याकडे पाठ. ठसा घेण्याआधी काचेखाली लाइट लागतो. तो लागतच नव्हता. एकाही माणसाचं बोट वाचलंच गेलं नव्हतं.

ब्राउझरमधलं पान अंगठ्याच्या यंत्राशी थेट बोलत नाही. मध्ये आरडी सर्व्हिस नावाचा यंत्राचा प्रोग्रॅम असतो, ही सर्व्हिस याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या क्रमांकाच्या दारावर) कान लावून बसते. नव्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्याने, तिला अनोळखी म्हणून अडवलं होतं. शुक्रवारी मागच्या मशीनसाठी सूट दिलेल्या प्रोग्रॅमची नावं कागदावर घेतली, पण काउंटरच्या जुन्यातली यादी मी मंगळवारी फोल्डरसकट उडवली होती. आरडी सर्व्हिस त्या यादीत होती.

खात्रीसाठी नव्याची फायरवॉल दोन मिनिटं बंद केली. लाइट लागला. परत चालू केली, त्याच्या नोंदींमध्ये अडवलेल्या प्रोग्रॅमात आरडी सर्व्हिसचं नाव सापडलं, तेवढ्याच प्रोग्रॅमला परवानगी दिली. पूर्ण फोल्डरला किंवा पूर्ण ड्राइव्हला सूट देऊ नका, सोपं वाटतं पण दार सताड उघडं राहतं. फायरवॉल कायमची बंद करणं तर नकोच. माझा ठसा घेऊन पाहिला, पहिल्याच वेळी आला.

मंगळवार, २६ ऑगस्ट

ज्या चौघांना परत पाठवलं त्यांच्याकडे स्वतः गेलो. लॅपटॉपवर आरडी सर्व्हिस टाकली, तिथेही तीच परवानगी दिली, अंगठ्याचं यंत्र पिशवीत घेतलं. तिघे घरी भेटले. मावशी वावरात होत्या. धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत मोबाइलचं नेट जोडलं. हाताला माती होती, पदराला पुसली, अंगठा ठेवला. दुसऱ्या वेळी ठसा आला, ई-केवायसी झाली. मी त्यांना सांगितलं की कालची चूक तुमच्या अंगठ्याची नव्हती, माझ्या मशीनची होती. फी घेतली नाही.

त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय. मले वाटलं आता माहा अंगठाच चालत नाही." आणि पुन्हा ओळीला लागल्या.

गुरुवार, २८ ऑगस्ट

एक राहिलं होतं. जुना अँटिव्हायरस मशीनवरून निघाला तरी त्याचं आपोआप नूतनीकरण निघत नाही. यूपीआय अॅपच्या ऑटोपेमध्ये २,३०० ची परवानगी तशीच जिवंत होती. मुदत संपली त्याच दिवशी पैसे कापले जायला हवे होते, पण खात्यात तेवढे नव्हते म्हणून वाचले. परवानगी रद्द केली, कंपनीच्या खात्यात जाऊनही नूतनीकरण बंद केलं. हे सगळ्यांत आधी करायचं काम होतं.

हिशेब: नवा डबा १,६५०. यवतमाळला एसटीने जाणं-येणं आणि तिथला चहा-नाश्ता मिळून २४०. जास्तीचा मोबाइल डेटा ६१. काउंटर इतके दिवस बंद, दिवसाला आमचे सातशे-आठशे सुटतात, ते गेले. परत गेलेल्या लोकांच्या मजुरीचा आकडा माझ्याकडे नाही.

काढण्याची दोन्ही टूल, नव्याचा इन्स्टॉलर आणि सूट द्यायच्या प्रोग्रॅमच्या नावांचा कागद एका पेनड्राइव्हसोबत डब्यात घालून काउंटरच्या खणात ठेवले. घाटंजी, पांढरकवडा भागातलं कुणाचं केंद्र असेल आणि हेच काम काढायचं असेल तर घेऊन जा.